मुखपृष्ठावर झळकल्याबद्दल

बॅनर आधी लागला. मुखपृष्ठ अजून ठरायचं होतं.

नाशिकरोडच्या चौकातून कॉलेजला येताना हर्षलने स्कूटर बाजूला घेऊन बॅनरचा फोटो काढला आणि तेजस्विनीला पाठवला. खाली एकच ओळ लिहिली: 'कव्हर फायनल केलंस आणि मला सांगितलंही नाहीस?'

तेजस्विनीने लॅबमधल्या कॉम्प्युटरवर तो फोटो मोठा करून पाहिला. विजेच्या खांबापासून चहाच्या टपरीपर्यंत पसरलेला फ्लेक्स. मधोमध गॉगल लावलेला सनी. वर लाल अक्षरांत, 'ठेका या मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकल्याबद्दल आमचे लाडके युवा गायक सनीभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन!' आणि पुरावा म्हणून उजव्या बाजूला ते मुखपृष्ठ जसंच्या तसं. त्यावर सनीच्या छातीच्या उंचीला पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'इथे मथळा येईल'.

ते तेजस्विनीनेच लिहिलं होतं, मथळा ठरेपर्यंत जागा धरून ठेवायला. बॅनर छापणाऱ्याने ते काढलं नव्हतं, आणि लावणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात काही खटकलं नव्हतं.

'ठेका' अजून छापलं गेलेलं नव्हतं. मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक जोडीने एक मासिक काढायचं होतं आणि या दोघांनी पॉप संगीत घेतलं होतं. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मधली मुलाखतीची दोन पानं यांना जास्त गुण होते. सगळे फोटो स्वतः काढलेले हवेत, नेटवरून उचललेला एकही चालणार नाही, अशी अट होती. मजकूर हर्षलकडे, फोटो आणि मांडणी तेजस्विनीकडे. परीक्षक बाहेरून येणार होत्या. पुण्यातल्या एका प्रकाशनात त्या मांडणीचं काम पाहायच्या. चांदवडहून येऊन तीन वर्षं हॉस्टेलवर राहिलेल्या तेजस्विनीला त्या बाईंसमोर एक असं पान ठेवायचं होतं, ज्यातली एकही गोष्ट दुसऱ्याच्या सांगण्यावरून हललेली नसेल. तसं पान तिच्याकडे तयार होतं. पण ते सनीचं नव्हतं, साक्षीचं होतं.

साक्षी देवळाली कॅम्पात राहायची. वडील तोफखान्यात सुभेदार. ती घरी युकुलेलेवर स्वतःची गाणी करून नेटवर टाकायची. कॅम्पातल्या बाजारात गणवेश शिवणाऱ्या एका टेलरच्या दुकानात तेजस्विनीने तिला उभं केलं होतं. मागे हिरव्या कापडाचे तागे, पुढे पिवळ्या कुर्त्यातली साक्षी, आणि दारातून एकाच बाजूने येणारा उजेड. नजर थेट कॅमेऱ्यात. वर मासिकाच्या नावाला आणि डावीकडे मजकुराला जागा आपोआप सुटली होती. त्या फोटोला तिला काही करावंच लागलं नव्हतं. अक्षरं जणू स्वतः जागेवर जाऊन बसली.

सनीचे फोटो तिने पुलाखाली काढले होते. सोबत त्याचे मित्र होते आणि त्यांच्या गाड्या होत्या. एकाला फ्रेमबाहेर काढलं की दुसरा आत यायचा. सनीने गॉगल काढला नाही. त्यातल्या त्यात बरा फोटो घेऊन तिने एक कच्चं पान केलं, आणि सनीने फारच आग्रह धरला म्हणून त्याला पाठवलं. 'नुसतं बघायला पाठवतेय, फायनल नाही,' असं लिहिलंही होतं. उत्तरात त्याने जोडलेले हात, आग आणि मुकुट पाठवला होता.

"आता सनीच टाक," लॅबमध्ये आल्या आल्या हर्षल म्हणाला. "विषय संपला. नाहीतरी त्याचं 'सिग्नल सुटला' प्रत्येक वरातीत वाजतंय. साक्षीला कोण ओळखतं?"

"फोटो वाईट आहे."

"वाईट काय? बॅनरवर मस्त दिसतोय."

"बॅनरवर सगळेच मस्त दिसतात. निवडणुकीत बघतोस ना?" तिने गॉगलचा भाग मोठा केला. "हे बघ. दोन्ही काचांत मी आहे, कॅमेरा घेऊन वाकलेली. माझ्या मागे उजेडासाठी थर्माकोल धरलेला त्याचा मित्र आयुष. मुखपृष्ठावर गायक हवाय की मी?"

"एवढं झूम करून कोण बघणारे?"

"परीक्षक."

"त्या परीक्षक आहेत, डोळ्यांच्या डॉक्टर नाहीत," हर्षल म्हणाला.

विभागप्रमुख देवरे सर पोहे खात होते. त्यांनी दोन्ही पानं शांतपणे पाहिली आणि चमचा खाली ठेवला.

"यात भांडण्यासारखं काय आहे? दोघांना घ्या. अर्धं पान त्याला, अर्धं तिला. मध्ये एक रेघ."

"सर, लग्नपत्रिकेसारखं दिसेल ते."

"मग बिघडलं कुठं? लग्नपत्रिका लोक जपून ठेवतात." त्यांनी पुन्हा चमचा उचलला. "आणि अध्यक्षांच्या शुभेच्छांचं पान राहिलंय तुमचं. ते पहिलं घ्या."

"पॉप संगीताच्या मासिकात, सर?"

"संस्था त्यांची आहे, संगीत कुठलंही असो."

तेजस्विनी बाहेर आली आणि जिन्यातच उभं राहून तिने साक्षीला फोन लावला. निदान साक्षी तरी चिडेल, अशी तिची अपेक्षा होती.

"अगं, मग त्याला दे ना," साक्षी म्हणाली. "त्याचा बॅनर लागलाय म्हणतेस."

"तुला काहीच वाटत नाही?"

"पप्पा आधीच म्हणत होते, कव्हर-बिव्हर कशाला. आत छोटासा असू दे."

"साक्षी, तो फोटो आत छोटासा टाकायचा फोटो नाही."

"छान आहे गं. मी डीपी ठेवलाय."

"अगं, मग भांड ना जरा माझ्याशी!"

"मी कशाला भांडू? मासिक तुझं आहे."

हे खरं होतं, आणि त्यामुळेच तेजस्विनीचं डोकं आणखी फिरलं. सनीच्या बाजूने अख्खा चौक होता. साक्षीच्या फोटोच्या बाजूने खुद्द साक्षीही नव्हती.

दुपारी ती रिक्षाने नाशिकरोडला गेली. बॅनरखाली गाडीवर आडवा बसून आयुष फोन पाहत होता. सनीच्या मित्रांत व्यवस्थेची सगळी कामं तो बघायचा. बॅनरही त्यानेच केलेला होता.

"या, या, ताई! बघितला का? रात्रीतून लावला."

"लावायला कोणी सांगितलं?"

"सांगावं लागतं का? आपला भाऊ कव्हरवर येतोय."

"अजून ठरलेलं नाही, आयुष."

"मग ठरव ना. तेवढ्यासाठी एवढ्या लांब आली?"

तिने बोट वर केलं. "आणि ते 'इथे मथळा येईल' काय आहे, माहितीय का?"

"नवीन गाणं ना? आम्ही तर स्टेटसलाही टाकलं. पोरं विचारतायत, कधी येणार, कधी येणार."

तेजस्विनीने कपाळावर हात मारून घेतला. मग तिने त्याला नीट समजावून सांगितलं. हे कच्चं पान होतं, दोन गायकांतून एक निवडायचा होता, आणि तिच्या मते दुसरा फोटो चांगला होता. आयुष ऐकत गेला. त्याचं हसणं हळूहळू मावळलं.

"ती कॅम्पातली ना?" तो म्हणाला. "खरं सांगू का, ताई? आम्ही वरातीत नाचवायला चालतो. कव्हरवर गोरी पोरगी बरी पडते."

"तसं काही नाही."

"मग कसं आहे?"

तिने पुन्हा वर बॅनरकडे पाहिलं. फोटो वाईट होता हे खरं होतं. पण तो काढला होता तिनेच. साक्षीसाठी तिने सबंध सकाळ मोकळी ठेवली होती, जागा आधी जाऊन पाहिली होती, उजेड कुठून येतो ते बघितलं होतं. सनीकडे ती दोन लेक्चरच्या मधे आली होती.

"सनी कुठंय?" तिने विचारलं. "परत काढते. आत्ता."

सनी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून आला. "जय भीम, ताई," म्हणाला आणि आयुषचा चेहरा पाहून काही न विचारता दोघांना घरी घेऊन गेला. घर कॉलनीत दोन गल्ल्या आत होतं. आई लताबाई महापालिकेच्या शाळेत शिपाई होती, ती कामावर गेलेली. आतल्या खोलीत, कपाट आणि खिडकीच्या मधे, तारेवर गोधड्या टाकून सनीने रेकॉर्डिंगचा कोपरा केला होता. 'सिग्नल सुटला' इथंच रेकॉर्ड झालं होतं. तेजस्विनीला त्याचा राग आला. पुलाखाली उभं राहताना या कोपऱ्याबद्दल त्याने एक अक्षर काढलं नव्हतं.

"हे का नाही दाखवलंस तेव्हा?"

"हे काय दाखवायचं? गोधड्या आहेत."

आयुषला तिने दाराबाहेर उभं केलं. सनीला नव्या गाण्याची चाल बीटशिवाय म्हणायला लावली. तो आधी लाजला, मग हाताने मांडीवर ठेका धरून म्हणू लागला. मधेच एक ओळ विसरला, ती मोबाइलमध्ये वाचायला त्याने गॉगल कपाळावर सरकवला, मग काढूनच ठेवला. खिडकीचा उजेड गोधडीच्या निळ्या-तांबड्या तुकड्यांवरून त्याच्या गालावर येत होता. ओठ मिटलेले, पण पुढची ओळ गळ्याशी आलेली. तिने तेवढं टिपलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहताना टेलरच्या दुकानातलं पान तिने मनातून बाजूला केलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. हा फोटो त्याहून चांगला होता, एवढं तिला कळत होतं आणि पुरेसं होतं.

"हा," ती म्हणाली. "कव्हर तुझं. मी आयुषला बोलले ते मागे घेते, सगळ्यांना सांग."

सनीने कॅमेरा हातात घेतला. दारातून आयुषने मान आत घातली.

"हा मी घरातला आहे," सनी म्हणाला.

"म्हणजे?"

"बॅनरवरचा वेगळा आहे ना. लोक म्हणतील, बॅनर एकाचा लावला आणि पुस्तकात आला दुसराच."

"अरे, दोन्ही तूच आहेस!"

"मला माहितीय, ताई. चौकाला कुठं माहितीय?"

"मग बॅनर बदला."

"बॅनर बदलला की गेली इज्जत," आयुष म्हणाला. "पलीकडच्या गल्लीतली पोरं टपूनच बसलीत. म्हणतील, पहिला खोटा लावला होता, म्हणून काढला."

"म्हणजे माझं मुखपृष्ठ तुमच्या बॅनरशी जुळलं पाहिजे?"

"बरोब्बर," आयुष म्हणाला. एकदाचं समजलं बाईला, असा त्याचा सूर होता.

तेजस्विनीने कॅमेरा पिशवीत ठेवला, चेन लावली, आणि आवाज न चढवता बोलली. आवाज न चढवायला तिला बरेच कष्ट पडले.

"सनी, नीट ऐक. हा फोटो चालत असेल तर मुखपृष्ठावर तू. गॉगलवाला मी छापणार नाही. तो वाईट आहे आणि तो मी वाईट काढलाय. आता तू सांग."

सनीने गोधडीची कड सरळ केली. आयुषकडे पाहिलं. मग टेबलावरचा गॉगल उचलून डोळ्यांवर चढवला.

"गॉगलवालाच पाहिजे."

"मग साक्षी. ऐकलंस ना? मुखपृष्ठावर तू नाहीस."

"ऐकलं."

"आत दोन पानं तुझीच आहेत. उजव्या पानावर हा फोटो घेतेय, पूर्ण पानभर."

"घे तुला पाहिजे तो. आतलं कोण बघतं?"

"आणि सगळ्यांना सांग. बॅनर काढा किंवा नका काढू, पण सांग."

"सांगतो, ताई. तू टेन्शन घेऊ नको."

मुखपृष्ठ साक्षीचं झालं. हर्षलने दोन दिवस अबोला धरला आणि मुलाखतीचा मजकूर मात्र वेळेवर दिला. मुखपृष्ठावर मधली रेघ नाही हे पाहून देवरे सरांनी सुस्कारा सोडला, आणि अध्यक्षांचं पान आहे हे पाहून सही केली. त्या पानासाठी अनुक्रमणिकेतला एक फोटो तेजस्विनीला अर्धा कापावा लागला. मुखपृष्ठाला मात्र कोणी हात लावला नाही.

प्रकाशन सगळ्या जोड्यांचं एकत्र होतं, कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये. सकाळी परीक्षक बाई येऊन गेल्या. त्यांनी 'ठेका' हाताभर लांब धरलं, मुखपृष्ठाकडे पाहिलं, "चांगलंय," म्हणाल्या, दोन आकडे लिहिले आणि पुढच्या जोडीचं मासिक उचललं. ते देवदर्शनाच्या पर्यटनावर होतं. त्याच्याही मुखपृष्ठाला त्या "चांगलंय" म्हणाल्या. तेजस्विनी टेबलाच्या पलीकडे उत्तरं तयार ठेवून उभी होती. तिला एकही प्रश्न विचारला गेला नाही.

साक्षी आईबरोबर वणीला गेली होती. 'पेढा ठेवते तुझ्यासाठी,' असा तिचा मेसेज आला.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी फाटकातून एक टेम्पो आत आला. त्यातून आयुष उतरला, मग फेटे बांधलेली पोरं, बायका, आणि शेवटी सनी, गॉगल आणि नवं जाकीट घालून. त्याच्या बाजूला कडक इस्त्रीची साडी नेसलेली लताबाई. कोणाच्या तरी हातात हार होता.

तेजस्विनीने सनीला दाराशीच गाठलं.

"तू सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो."

"कधी?"

"आई शाळेतून सुट्टी टाकून आलीये, ताई. बाईंनी तिला सगळ्या स्टाफसमोर पेढे वाटायला लावले. कधी सांगू?"

"अरे पण आता दिसणारच आहे ना सगळ्यांना!"

"दिसू दे," सनी म्हणाला आणि आत जाऊन तिसऱ्या रांगेत बसला.

देवरे सरांनी एकेका मासिकाची रिबीन सोडली. 'ठेका' वर धरलं तेव्हा मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच तुटल्या. हिरव्या कापडासमोर पिवळ्या कुर्त्यातली एक मुलगी सगळ्यांकडे थेट पाहत होती.

"ही कोण?" एका बाईने विचारलं.

आयुष उभा राहिला. त्याने आधी सनीकडे पाहिलं, मग तेजस्विनीकडे. सनीच्या घरी ठरलेलं त्याला आता आठवलं होतं, आणि आपणही कोणाला सांगितलं नाही हेही आठवलं असावं. तो परत बसला.

सनी शांतपणे पुढे गेला. टेबलावरची एक प्रत त्याने उचलली, मधोमध उघडली आणि उलटी दुमडली, पार मागे. बांधणीच्या कण्यावरून अंगठा दाबून फिरवला. कागद करकरला. त्या कण्याला चरा पडू नये म्हणून तेजस्विनीने छापखान्यात कागद बदलून घेतला होता. सनीने ती प्रत दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. उजव्या पानावरचा सनी, गोधडीच्या उजेडात, पूर्ण पानभर.

टाळ्या आल्या त्या खुर्च्या सरकवतच आल्या. कोणीतरी शिट्टी मारली. पोरं पुढे धावली, प्रत्येकाने एकेक प्रत उचलली आणि तशीच उलटी दुमडली. टेबल रिकामं झालं. हॉलमध्ये जिकडे पाहावं तिकडे सनी होता, आणि त्याच्यामागे, माणसांच्या तळव्यांना टेकून, साक्षी.

लताबाईने आपली प्रत जवळ धरून पाहिली, मग लांब धरून.

"हा कधी काढला रे?"

"घरी," सनी म्हणाला. "तू ड्यूटीला होतीस."

"मग हाच का नाही लावला बोर्डावर? त्या बोर्डात तर तुझं तोंडच दिसत नाही. शाळेतल्या बाई विचारत होत्या, हाच का तुमचा मुलगा, म्हणून."

तेजस्विनी सनीकडे पाहत राहिली. त्याने आयुषकडे पाहिलं.

"लावू की, काकू," आयुष म्हणाला. "उद्याच लावू. हाच लावू."

"लोक काय म्हणतील मग?" तेजस्विनीने विचारलं. "पहिला खोटा होता?"

"काय म्हणणार? काकूंनी सांगितलंय. आणि तो काय, मुखपृष्ठाचा होता. हा प्रकाशनाचा." आयुषने खिशातून मोबाइल काढला. "ताई, सगळ्यांचा एक फोटो काढ ना. तुझ्याकडे चांगला कॅमेरा आहे."

तिने त्यांना पायऱ्यांवर उभं केलं, उंच मागे, बुटके पुढे. सगळ्यांनी मासिकं छातीशी धरली. दुमडलेल्या बाजूने. एकाने चुकून सरळ धरलं होतं, त्याला शेजाऱ्याने कोपर मारून उलटं करायला लावलं. कॅमेऱ्यातून तिला पिवळ्या रंगाचा एक ठिपका क्षणभर दिसला आणि गेला.

"मावशी, जरा खाली घ्या," ती लताबाईला म्हणाली. "तुमचा चेहरा झाकला जातोय."

लताबाईने मासिक खाली घेतलं आणि पदर सारखा केला. तेजस्विनीने उन्हावर ढग येईपर्यंत सगळ्यांना थांबवलं, कुरकुर झाली तरी थांबवलं, आणि मग फोटो घेतला.

"लगेच पाठव," आयुष म्हणाला. "फ्लेक्सवाल्याला संध्याकाळपर्यंत द्यायचाय."

"फ्लेक्सवाल्याला नाही द्यायचा. मी करून देते."

"तू? बॅनर?"

"सगळा. अक्षरं, रंग, सगळं. मी फाइल देणार, त्याने फक्त छापायची. मधे कोणी हात घालायचा नाही. कबूल?"

"कबूल, ताई. आईशप्पथ." आयुषने गळ्याला हात लावला. मग थोडा जवळ येऊन म्हणाला, "फक्त खाली आमचे फोटो तेवढे घे, नावासकट. मागच्या वेळी राहून गेले, पोरं अजून तोंड फुगवून आहेत."

"किती जण?"

आयुष मागे वळला आणि पायऱ्यांवरची माणसं मोजू लागला.